तक्रारसाहेबांचा घसा

निसर्गाकडे परत गेल्याखेरीज माणसाच्या जातीला सुख म्हणून मिळायचं नाही, असं तक्रारसाहेबांचं ठाम आणि अभ्यासपूर्ण मत होतं. या मतापायीच ते एका पहाटे, अंगात हिरवा स्वेटर आणि कानाला मफलर अशा थाटात, सांडपाण्याचा पाच फुटी प्लास्टिकचा पाइप तोंडाला लावून इमारतीच्या गच्चीवर उभे होते.

पाइप नवा होता, हे आधीच सांगितलेलं बरं. इमारतीतल्या लोकांनी पुढे याबाबत नाही नाही ते पसरवलं.

तक्रारसाहेब हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा खात्यात तक्रार निवारण विभागाचे प्रमुख होते, आणि नळाला पाणी न येणं, आलेलं न थांबणं, थांबलेलं गढूळ असणं या मनुष्यजातीच्या तिन्ही दुःखांशी त्यांचा रोजचा संबंध होता. खात्यात हयात घालवल्यावर त्यांना एक सूत्र गवसलं होतं : तक्रारदाराला ‘तुम्हाला नेमकं काय हवंय’ असं कधीही विचारू नये. तो सांगून टाकतो, आणि मग ते करावं लागतं. त्यापेक्षा कागद बघावेत, आजूबाजूचे पुरावे जमवावेत, आणि तक्रारदाराला कशाचा त्रास होत असावा याचा निष्कर्ष आपल्या खोलीत बसून आपणच काढावा. खात्यात हे सूत्र इतकं रुळलं होतं, की नव्या माणसाला ते पहिल्याच दिवशी चहाबरोबर मिळे.

वाईट एवढंच, की माणूस ऑफिसातलं सूत्र डब्याबरोबर घरी घेऊन येतो.

झालं होतं असं, की एके दिवशी जेवणं आटोपल्यावर तक्रारसाहेबांच्या बायकोने आपली उशी उचलली, पांघरूण काखोटीला मारलं आणि ती बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायला गेली. ‘‘बाहेर जरा वारा येतो,’’ एवढंच ती म्हणाली. भांडण नाही, तंडण नाही, धुसफूस नाही. भांडण असतं तर तक्रारसाहेबांना बरं वाटलं असतं. भांडणाला निदान आवक क्रमांक देता येतो.

वाऱ्याच्या मुद्द्याची त्यांनी दुसऱ्याच दिवशी जागेवर जाऊन शहानिशा केली. बाहेरच्या खोलीची खिडकी मागल्या रंगकामात रंगाने जी चिकटली होती, ती आजतागायत उघडली नव्हती. म्हणजे वारा हे वरवरचं कारण. खरं कारण दुसरंच. बायकोला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती तक्रारदार होती. उरली कॉलेजात जाणारी लेक.

‘‘बाबा, तुम्ही घोरता,’’ लेक म्हणाली.

‘‘म्हणजे थोडंफार सगळेच जण–’’

लेकीने फोन पुढे केला. तिने पुरावा जपून ठेवला होता. कुणीतरी फरशीवरून लोखंडी कपाट ओढत नेतंय, मधेच दम खातंय, आणि जागा पसंत न पडल्यामुळे कपाट परत होतं तिथे आणून ठेवतंय, असा तो आवाज होता.

‘‘हा मी?’’

‘‘ही सुरुवात आहे. पुढे फोनची बॅटरी संपली.’’

तक्रारसाहेबांनी निष्कर्ष काढला. तो काढताना त्यांना जे वाटलं, ते कुठल्याच रकान्यात बसण्यासारखं नव्हतं. लग्न झाल्यापासून रोज दिवा मालवला की अंधारातून एक प्रश्न येई, ‘‘अहो, गॅस बंद केलात ना?’’ आणि ते ‘‘हो’’ म्हणत. गॅसकडे त्यांनी उभ्या जन्मात ढुंकून पाहिलं नव्हतं, पण तो ‘हो’ म्हटल्याशिवाय दिवस संपला असं त्यांना वाटत नसे. आता दिवस संपेनासे झाले. एकदोनदा त्यांनी कुणी न विचारताच छताकडे बघत ‘‘हो’’ म्हणून पाहिलं. त्यात राम नव्हता.

तेव्हा बायकोला तिच्या जागेवर परत आणायचं, आणि तेही तिला काही न विचारता, हे कार्य तक्रारसाहेबांनी हाती घेतलं. साधन अर्थातच नैसर्गिक. नेहमीचे डॉक्टर म्हणाले होते, एक रात्र दवाखान्यात येऊन झोपा, अंगाला तारा लावून तपासू. पण ज्या माणसाला निसर्ग कळला आहे तो आपली झोप तारांवर वाळत घालत नाही.

निसर्ग त्यांना कळला होता, तो ‘सहज जीवन’ नावाच्या प्रदर्शनात. त्याला पाच-सहा महिने झाले होते. त्या प्रदर्शनातून त्यांनी घरात बऱ्याच गोष्टी आणल्या होत्या. मातीची पाण्याची बाटली आणली, ती पहिल्याच दिवशी बेसिनवर आपटून मातीला मिळाली. लाकडी कंगवा आणला. पण निसर्गाने त्यांच्या डोक्यावर कंगव्याजोगं फारसं काही ठेवलं नव्हतं. मिठाच्या खड्याचा दिवा आणला, तो दमट हवेत रडायला लागला आणि त्याच्याखालचं पुस्तकांचं कपाट गंजलं. या सगळ्यांचा मेरुमणी म्हणजे नारळाच्या शुद्ध काथ्याची आरोग्यगादी. ‘‘साहेब, या गादीवर पाठ झोपत नाही, पाठ घडते,’’ विक्रेता म्हणाला होता. तक्रारसाहेबांनी बोटाच्या पेरांनी गादीवर टकटक करून पाहिली. दार वाजावं तसा आवाज आला. तो शुद्धतेचा आवाज आहे असं विक्रेत्याने सांगितलं. गादी घरी आली तेव्हा बायको तिच्यावरून हात फिरवून म्हणाली, ‘‘घट्ट आहे हो चांगली.’’ हे कौतुक तक्रारसाहेबांनी पुढे आठवडाभर ऑफिसात सांगितलं. त्यांना स्वतःला निसर्गानेच सर्व बाजूंनी पुरेसं अस्तर दिलेलं असल्यामुळे ती गादी चांगली मानवली होती.

असो. विषय घशाचा आहे.

पहिला सल्ला खालच्या मजल्यावरच्या मॅनेजरकाकांचा. मॅनेजरकाका बँकेतून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी जगातले झाडून सगळे नैसर्गिक उपचार स्वतःवर करून घेतले होते. त्यांची एकही व्याधी गेली नव्हती, पण प्रत्येकीशी त्यांचे संबंध सुधारले होते.

‘‘उताणं झोपायचं नाही, संपला विषय,’’ जिन्यात कठड्याला टेकत ते म्हणाले. ‘‘बनियनच्या पाठीला एक टेनिसचा चेंडू शिवून घ्या. उताणे झालात की टोचणार. टोचला की वळणार. माझ्या मेव्हण्याचं घोरणं याने साफ थांबलं.’’

‘‘आता कसे आहेत ते?’’

‘‘झोपच लागत नाही त्याला. घोरणार कुठून?’’

तक्रारसाहेबांनी दार लावून घेऊन, स्वतःच्या हाताने, पांढऱ्या बनियनला काळ्या दोऱ्याने चेंडू शिवला. या उपायाविरुद्ध त्यांची तक्रार नाही. दोष झाला तो एवढाच, की पहाटे उठल्यावर ते बनियन काढायला विसरले आणि त्याच्यावर शर्ट चढवून ऑफिसात गेले. खुर्चीत टेकून बसता येईना म्हणून दिवसभर ते ताठ बसले. त्यामुळे विभागात अशी बातमी पसरली की बढती ठरली. संध्याकाळी कार्यकारी अभियंता स्वतः आले, ‘‘काय ऐकतोय मी,’’ म्हणून त्यांनी पाठीवर जोरात थाप मारली, आणि मग बराच वेळ हात तसाच ठेवून ते विचारात पडले. ‘‘दाखवून घ्या हे कुणाला तरी,’’ शेवटी ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘रजेची काळजी करू नका.’’

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी सांगितलं, झोपताना नाकात कोमट तेलाचे थेंब सोडा. त्याने उशीचा अभ्रा गेला. कुणीसं म्हणालं सूर्य मावळायच्या आत जेवा. तक्रारसाहेब सूर्य मावळायच्या आत जेवले, आणि सूर्य मावळल्यानंतर भूक लागल्यामुळे पुन्हा जेवले. बायको हे सगळं बघत होती, पण तीही काही विचारत नव्हती. सकाळी पलंगाशी वाकून ती चादर ताणायची आणि कमरेवर हात ठेवून मिनिटभर तशीच उभी राहायची. त्या उभं राहण्यात तक्रारसाहेबांना आपल्याविषयीची निराशा दिसे.

अखेर ते एका निसर्गतज्ज्ञांकडे गेले.

निसर्गतज्ज्ञांची खोली टायरच्या दुकानावर होती. आत उदबत्तीचा वास होता आणि खालून रबराचा. स्वतः तज्ज्ञ शेलाटे, हसतमुख, आणि इतके निरोगी होते की पाहूनच थकायला व्हावं. त्यांनी नाडी धरली नाही, जीभ बघितली नाही. डोळे मिटले आणि विचारलं, ‘‘घसा काय म्हणतो?’’

‘‘घोरतो,’’ तक्रारसाहेब म्हणाले.

‘‘तो घोरत नाही. तो तुमच्याकडे तक्रार नोंदवतोय. तुम्ही ती ऐकताय का?’’

तक्रारसाहेबांचा जीव तिथेच त्या माणसावर जडला. इतक्या वर्षांत त्यांच्या खात्याबाहेरचं कुणी त्यांच्या भाषेत बोललं नव्हतं.

तज्ज्ञ म्हणाले, शरीराचे तुकडे करून बघायचं नसतं. घसा, श्वास, मन, खोली, दिशा हे सगळं मिळून एक माणूस होतो. मात्र सुरुवात घशापासून करू. घशाचे स्नायू ढिले पडलेत, त्यांना व्यायाम हवा. दूरच्या एका देशात म्हणे आदिवासी लोक वाळवीने पोखरलेली झाडाची पोकळ फांदी फुंकतात, आणि त्या लोकांत घोरणं औषधालासुद्धा सापडत नाही.

‘‘अशी फांदी कुठे मिळेल?’’

‘‘हार्डवेअरच्या दुकानात,’’ तज्ज्ञ म्हणाले. ‘‘सांडपाण्याचा पाइप घ्या, पाच फूट.’’

‘‘पण प्लास्टिक... नैसर्गिक म्हणता येईल का त्याला?’’

‘‘आतली हवा नैसर्गिकच असते,’’ तज्ज्ञ म्हणाले, आणि पुढल्या महिन्यातल्या शेवटच्या रविवारी घरी येऊन झोपायची जागा बघून जाईन, असंही त्यांनी कबूल केलं.

अशा रीतीने आपण पुन्हा गच्चीवर येतो.

पाइप फुंकणं वाटतं तेवढं सोपं नाही. पहिले काही दिवस त्यातून फक्त थुंकी आली. मग एका पहाटे ओठ कुठेतरी बरोबर जुळले आणि पलीकडच्या तोंडातून एक आवाज बाहेर पडला. तो आवाज संगीतात मोडत नव्हता. वासरू हरवलेली म्हैस विहिरीत उतरून हंबरते आहे, असा काहीसा तो होता. पण तक्रारसाहेबांचे डोळे भरून आले. आपल्यात हे होतं आणि आपल्याला माहीत नव्हतं, असं आयुष्यात फार कमी वेळा वाटतं. घरी त्यांनी फिरायला जातो म्हणून सांगितलं होतं. पाइप गच्चीच्या जिन्याखाली, जुन्या झाडूंच्या मागे लपवलेला असे.

एकच चूक झाली. पाइप जड होतो म्हणून त्याचं दुसरं टोक कशावर तरी टेकवणं भाग होतं, आणि गच्चीवर टेकण्याजोगी वस्तू एकच होती : पाण्याच्या टाकीचं पत्र्याचं झाकण. झाकणाखाली अर्धी रिकामी टाकी. टाकीखाली उभा नळ. उभ्या नळातून प्रत्येक घरात, प्रत्येक मोरीत, प्रत्येक बेसिनशी जाणारे आडवे नळ. पाणीपुरवठा खात्यात हयात घालवलेल्या माणसाच्या हे लक्षात येऊ नये, याचं आश्चर्य वाटायला नको. खात्यात नळाचा नकाशा बघायचं काम दुसऱ्या विभागाकडे असतं.

आठवड्याच्या आत इमारतीत हाहाकार झाला. पहाटे दात घासायला उभं राहावं आणि नळाने ‘हूंऽऽऽ’ करावं. सेक्रेटरींच्या सासूबाईंनी आंघोळ सोडली. वरच्या वहिनींनी बेसिनला फडकं गुंडाळलं. सेक्रेटरींनी तातडीची सभा बोलावली आणि पाणीखात्यातला माणूस म्हणून तक्रारसाहेबांना मधली खुर्ची दिली. आवाज ऐकू येतो यावर सर्वांचं एकमत होतं. तक्रारसाहेबांनाही तो ऐकू येत होता, फार जवळून.

‘‘तज्ज्ञ म्हणून तुमचं मत काय?’’ सेक्रेटरींनी विचारलं.

तक्रारसाहेबांनी घसा साफ केला. तो पूर्वीपेक्षा चांगला साफ झाला. ‘‘पाइपमध्ये हवा जात असावी,’’ ते म्हणाले. यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं.

‘‘मग तुमचं खातं काय झोपलंय का?’’ मॅनेजरकाका कडाडले. ‘‘मी आजच अर्ज टाकतो. बघतोच कोण दाबून ठेवतो ते.’’

अर्ज रीतसर आला आणि रीतसर फिरत फिरत तक्रारसाहेबांच्या टेबलावर पोचला. विषय : पहाटेच्या वेळी नळातून येणाऱ्या भेसूर व अमानवी आवाजाबाबत. ‘अमानवी’ या शब्दाने तक्रारसाहेबांना दुःख झालं. ‘भेसूर’ एकवेळ चालला असता. त्यांनी अर्जावर ‘तपासणीअंती दोष आढळून आला नाही’ असा शेरा मारला आणि तो निकालात काढला. मॅनेजरकाकांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे कर्जाचे अर्ज फेटाळले होते. फेटाळलेल्या अर्जाचं पुढे काय करायचं हे त्यांना पाठ होतं. अपील थेट कार्यकारी अभियंत्यांकडे गेलं.

आता शहाण्या माणसाने पाइप फुंकणं बंद केलं असतं. तक्रारसाहेबांनी केलंच. पण आवाज थांबला तसं प्रकरण जास्त चिघळलं. कार्यकारी अभियंता पहाटे स्वतः येऊन इमारतीच्या नळाला कान लावून बसले आणि त्यांना काहीही ऐकू आलं नाही. खात्याच्या नियमाप्रमाणे, सारखा येणारा आवाज हा किरकोळ दोष असतो. जो आवाज येतो आणि अधिकारी आला की येत नाही, तो जमिनीखालचा गंभीर दोष समजून रस्ता खणावा लागतो.

हा नियम काही वर्षांपूर्वी तक्रारसाहेबांनीच लिहिला होता.

रविवारी सकाळी कार्यकारी अभियंता खणणारी माणसं घेऊन आले. मुकादमाने इमारतीसमोर खडूने आखणी केली, मुख्य नळाची किल्ली फिरवून पाणी तोडलं, आणि फरसबंदी उखडायला सुरुवात झाली. इमारतीतले यच्चयावत लोक बादल्या घेऊन खाली उतरले. त्यांत तक्रारसाहेबांची बायकोही होती, एका हातात रिकामी बादली आणि दुसरा हात कमरेवर.

‘‘पाणी कधी येईल हो?’’ तिने मुकादमाला विचारलं.

‘‘दोष सापडला की.’’

‘‘आणि नाही सापडला तर?’’

‘‘तर अजून खोल जायचं,’’ मुकादम म्हणाला. ‘‘दोष असतो ताई. असल्याशिवाय पाठवत नाहीत.’’

बायकोने बादली खाली ठेवली, कंबर धरली, आणि चौथ्या मजल्यावर पाणी कसं चढवायचं याचा हिशेब करत वर बघितलं. ते तिचं वर बघणं तक्रारसाहेबांना पाहवलं नाही. ज्या बाईने परत यावं म्हणून एवढा खटाटोप, तिलाच आता आपल्यापायी जिने चढून पाणी भरावं लागणार होतं. ते गच्चीवर गेले आणि पाइप खांद्यावर टाकून खाली आले.

‘‘थांबा,’’ ते म्हणाले. ‘‘दोष खाली नाही. तो आवाज माझा होता.’’

कुदळी थांबल्या. मॅनेजरकाका पुढे सरसावले. ‘‘साहेब, खात्यावर आळ नको म्हणून तुम्ही अंगावर घेताय, हे आम्हाला समजतं. पण तो आवाज माणसाचा नव्हता.’’

यावर पुरावा देण्याशिवाय इलाज नव्हता. तक्रारसाहेबांनी सगळ्या इमारतीसमोर, खात्याच्या माणसांसमोर आणि स्वतःच्या बायकोसमोर पाइप तोंडाला लावला. हरवलेली म्हैस पुन्हा एकदा हंबरली. सेक्रेटरींच्या सासूबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या आणि ‘‘हाच, हाच तो,’’ म्हणाल्या. आंघोळीचा मार्ग मोकळा झाल्यामुळे त्यांचा चेहरा खुलला होता.

कार्यकारी अभियंत्यांनी चष्मा काढून पुसला. ‘‘हे तुम्ही अर्जाच्या उत्तरात का नाही लिहिलंत?’’

‘‘तसा रकाना नव्हता,’’ तक्रारसाहेब म्हणाले.

‘‘पण कशासाठी हे?’’ बायकोने विचारलं. त्या सबंध प्रकरणात दोघांपैकी कुणी कुणाला सरळ विचारलेला हा पहिला प्रश्न.

‘‘घशाच्या स्नायूंसाठी.’’

‘‘त्यांना काय झालं?’’

याच घडीला, कापडी पिशवी खांद्याला लावून, खड्ड्याला वळसा घालत निसर्गतज्ज्ञ आले. ठरल्याप्रमाणे रविवार होता. त्यांनी पाइप बघितला, गर्दी बघितली, आणि त्यांना वाटलं की हा वर्ग आपल्यासाठीच भरवला आहे. ‘‘घोरणं,’’ ते सर्वांना उद्देशून म्हणाले, ‘‘हा एकट्याचा प्रश्न नसतो. साहेबांच्या घरी वहिनी खोली सोडून गेल्या. अशा वेळी संपूर्ण माणूस बघावा लागतो.’’

संपूर्ण माणूस त्या क्षणी पाइपच्या मागे मावण्याचा प्रयत्न करत होता. लेकीने ‘‘बाबा,’’ असं इतक्या प्रेमाने म्हटलं की त्यापेक्षा तिने हसलेलं परवडलं असतं.

‘‘झोपायची जागा दाखवा,’’ तज्ज्ञ म्हणाले. तेव्हा सगळे वर गेले. मॅनेजरकाका गेले कारण अर्जदार म्हणून तो त्यांचा हक्क होता, सेक्रेटरी गेले कारण मॅनेजरकाका गेले, आणि कार्यकारी अभियंता गेले कारण पाठीवर हाताला लागलेल्या त्या गाठीचा उलगडा त्यांना अजून झाला नव्हता.

खोलीत शिरताच तज्ज्ञांनी दिशा पाहिली, खिडकी पाहिली आणि समाधानाने मान डोलावली. ‘‘आता झोपायची योग्य पद्धत दाखवतो. अंग आधी सैल सोडायचं, आणि जमिनीवर फूल पडावं तसं अलगद–’’ असं म्हणून ते फुलासारखे गादीवर पडले.

‘खट्’ असा आवाज झाला.

तज्ज्ञ काही वेळ हसतमुखाने छताकडे बघत राहिले. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले.

‘‘आता उठा,’’ मॅनेजरकाका म्हणाले. ‘‘बाकीचं तोंडी सांगा.’’

‘‘उठतो,’’ तज्ज्ञ म्हणाले. ‘‘शरीराला विचारतोय.’’ शरीर नाही म्हणत असावं. ‘‘हे... खाली काय आहे?’’

‘‘आरोग्यगादी,’’ तक्रारसाहेब अभिमानाने म्हणाले. ‘‘शुद्ध काथ्या. यावर पाठ घडते.’’

‘‘माझी घडली,’’ तज्ज्ञ म्हणाले.

कार्यकारी अभियंत्यांनी एक हात धरला, सेक्रेटरींनी दुसरा. तज्ज्ञ कळवळले. तेव्हा बायको सगळ्यांना बाजूला सारून पुढे आली.

‘‘ओढू नका त्यांना. हे बघा, आधी गुडघे दुमडा. आता कुशीवर वळा, सावकाश. कोपर टेकवा. पाय खाली सोडा आणि मग उठा. एकदम उठायला जाल तर दिवसभर वाकून चालाल.’’ तज्ज्ञ टप्प्याटप्प्याने उभे राहिले. ‘‘चला बाहेर, माझ्या दिवाणावर पडा जरा. जुनी कापसाची गादी आहे. अर्ध्या तासात बरं वाटतं.’’

‘‘तुम्हाला हे कुणी शिकवलं?’’ तज्ज्ञांनी आदराने विचारलं.

‘‘शिकवायचंय काय त्यात. झोपले ना त्याच्यावर.’’

तक्रार निवारण विभागाच्या प्रमुखांच्या चेहऱ्यावर एक अर्ज हळूहळू उलगडत गेला. वाकून चादर ताणणं. कमरेवरचा हात. ‘घट्ट आहे हो चांगली.’

लोक तज्ज्ञांना धरून बाहेर घेऊन गेले आणि आत दोघंच उरली.

‘‘म्हणजे तू गादीमुळे गेलीस?’’

‘‘मग कशामुळे?’’

‘‘आणि वारा?’’

‘‘खिडकी तरी उघडते का ती? काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं. तुम्ही किती हौसेने आणली होतीत. डोक्यावर घेऊन जिना चढलात. टकटक करून लोकांना आवाज ऐकवत होतात. त्याच्यावर कसं सांगणार, की अहो, ही पाटावर झोपवल्यासारखी टोचते म्हणून?’’

‘‘सांगायचंस ना.’’

‘‘विचारायचंत ना.’’

तक्रारसाहेब गादीच्या कडेला बसले. त्यांना प्रथमच ती थोडी कडक वाटली.

‘‘आणि माझं घोरणं?’’

‘‘ते काय आजचं आहे? लग्नाला आठवडा झाला नव्हता तेव्हाच कापसाचे बोळे आणले मी.’’ ती निघाली आणि दारातून वळून म्हणाली, ‘‘तुम्ही माझ्यासाठी म्हणून ते... गच्चीवर? थंडीत?’’

‘‘मफलर होता,’’ तक्रारसाहेब म्हणाले.

तिला हसू आलं. मग ते आवरेना म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. तिथूनही बराच वेळ ऐकू येत राहिलं.

बाकीचं आवरायला फार दिवस लागले नाहीत. खड्डा बुजवला गेला. मुकादमाने जाताना पाइप मागून घेतला आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी खाली सोडायला तो बसवून दिला. पाणी जोरात आलं की तो अजूनही थोडासा हंबरतो, पण आता त्याबद्दल कुणी अर्ज करत नाही. मॅनेजरकाकांनी आपला अर्ज मागे घ्यायला नकार दिला. तो निकालात काढायचा तर अर्जदाराच्या सहीचा दाखला हवा, आणि साहेबांचा शेरा खोटा ठरल्याखेरीज सही नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. शेवटी तक्रारसाहेबांनी स्वतःच्या शेऱ्याविरुद्ध स्वतःच दुसरा शेरा मारला : ‘तक्रारदाराशी प्रत्यक्ष बोलणे झाले. दोष दूर केला.’ खात्याच्या इतिहासात असा शेरा कुणी पाहिला नव्हता. त्यावर वरून खुलासा मागवण्यात आला आहे.

निसर्गतज्ज्ञांना दिवाणावरून उठायला संध्याकाळ झाली. कापसाची गादी कुठे मिळाली याची त्यांनी चौकशी केली आणि जाताना ‘संपूर्ण माणूस’ या विषयावरची पुस्तिका ठेवून गेले. ती सध्या मिठाच्या दिव्याखाली आहे.

आरोग्यगादी पलंगावरून निघाली आणि कपाटामागे उभी राहिली. तिथे ती चांगली शोभते; ती मुळात उभं राहण्यासाठीच असावी. जुनी गादी आत आली, तिच्याबरोबर उशी आली, पांघरूण आलं. दिवा मालवल्यावर अंधारातून प्रश्न आला, ‘‘अहो, गॅस बंद केलात ना?’’

‘‘हो,’’ तक्रारसाहेब म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, ते उठले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरात जाऊन बघून आले. गॅस बंदच होता. तो ती रोज स्वतःच बंद करून येत असे आणि मग विचारत असे.

घोरणं होतं तेवढंच आहे.